गाऊटची गोळी किडनीरुग्णांच्या हृदयासाठी: आशा, धोका आणि अपुरा पुरावा

किडनीचा जुनाट आजार जडला की रुग्णाच्या आणि घरच्यांच्या मनात एकच धास्ती घर करते, डायलिसिसची. तपासणीचा कागद हातात पडला की आधी क्रिएटिनिनचा आकडा पाहिला जातो; तो उतरला की जिवात जीव येतो, चढला की झोप उडते. ही धास्ती खोटी नाही, पण अपुरी आहे. आजाराच्या मधल्या टप्प्यावरच्या रुग्णाला डायलिसिसपर्यंत पोचण्यापेक्षा हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने मृत्यू येण्याची शक्यता अधिक असते, आणि डायलिसिसवर असलेल्यांमध्येही मृत्यूचे सर्वांत मोठे कारण हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार हेच आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या मुरुमसारख्या गावात ही गोष्ट आणखी गंभीर होते. उमरगा तालुक्यातले हे बाजारपेठेचे गाव. भोवती ऊस, तूर, सोयाबीन, आणि दर काही वर्षांनी दुष्काळ. किडनीच्या किंवा हृदयाच्या तज्ज्ञाकडे जायचे तर सोलापूर किंवा लातूर गाठावे लागते. अशा ठिकाणी स्वस्त, जुनी, कोणत्याही मेडिकलमध्ये मिळणारी एखादी गोळी किडनीरुग्णाचे हृदय वाचवू शकते असे कोणी म्हटले, तर ती बातमी मोठीच ठरते. गाऊटवरच्या कोल्चिसिन या गोळीबद्दल आज असे म्हटले जात आहे. उपलब्ध पुरावा नीट पाहिला तर माझे मत असे बनते: ही आशा निराधार नाही, पण ज्यांच्यासाठी ती सांगितली जाते त्या किडनीरुग्णांनाच मोठ्या चाचण्यांतून बाहेर ठेवले गेले आहे. म्हणून ही गोळी त्यांना आज देत सुटणे चूक आहे, आणि तिची त्यांच्यावर रीतसर चाचणी न करणे ही तेवढीच मोठी चूक आहे.

किडनीरुग्णाचे हृदय वेगळे का वागते, हे आधी समजून घ्यायला हवे. सर्वसामान्य हृदयरोग्यात कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू ही ठरलेली कारणे असतात. किडनी निकामी होत जाते तशी त्यांच्यात इतर कारणांची भर पडते. फॉस्फरसचा तोल बिघडून रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचते, रक्तक्षय होतो, अंगात पाणी साठून हृदयावर ताण येतो, पोटॅशियम वर-खाली झाल्याने ठोक्यांची लय बिघडते. या सगळ्यांच्या मुळाशी मंद पण सतत धुमसणारा दाह असतो. रक्तातल्या सीआरपीसारख्या चाचण्यांत तो दिसतो. म्हणूनच इतरांना लागू पडणारे औषध या रुग्णांना लागू पडेलच असे नाही. जर्मनीतल्या ४डी या चाचणीत १,२५५ मधुमेही डायलिसिस-रुग्णांना ॲटोरव्हास्टॅटिन देऊन पाहिले. २००५ साली आलेल्या निष्कर्षांत ठोस फायदा दिसला नाही. २००९ मध्ये ऑरोरा चाचणीत २,७७६ डायलिसिस-रुग्णांवर रोझुव्हास्टॅटिनचाही तोच अनुभव आला. डायलिसिसच्या आधीच्या टप्प्यावरचे रुग्ण मोठ्या संख्येने असलेल्या शार्प चाचणीत मात्र २०११ साली स्टॅटिन आणि इझेटिमाइब यांच्या जोडीने रक्तवाहिन्या तुंबण्याचे मोठे प्रसंग १७ टक्क्यांनी घटले. जगभर कोट्यवधी लोकांचे प्राण वाचवणाऱ्या स्टॅटिनची ही गत असेल, तर कोणतेही नवे औषध केवळ इतरांवरच्या अनुभवावरून किडनीरुग्णाला लावता येणार नाही. पुढच्या सगळ्या चर्चेचा पाया हाच आहे.

कोल्चिसिन हे औषध नवे नाही, गाऊटवर ते शतकानुशतके वापरले गेले आहे. युरोपात ते कोल्चिकम या कंदापासून मिळे. १८२० साली पेलतिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी त्यातले द्रव्य वेगळे केले. आपल्याकडे हेच द्रव्य कळलावीच्या कंदात आणि बियांत असते. पावसाळ्यात कुंपणांवर, झुडपांत चढणारी, पिवळ्या-लाल ज्वाळांसारख्या पाकळ्यांची ही वेल महाराष्ट्राला चांगली ओळखीची आहे. तमिळनाडूत तिची शेती होते आणि औषधनिर्मितीसाठी बिया परदेशी जातात. कळलावीचा कंद जहाल विषारी आहे. तो पोटात गेल्याने झालेल्या विषबाधा आणि मृत्यू वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले आहेत. औषध आणि विष यांच्यातले अंतर किती थोडे आहे, हे त्यावरून कळते. कोल्चिसिन पेशींच्या आतल्या सूक्ष्म नलिकांची घडण थांबवते. त्यामुळे दाहाच्या जागी धावून जाणाऱ्या पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते, आणि दाह पेटवणारी इंटरल्युकिन-१ बीटा व इंटरल्युकिन-६ ही द्रव्येही कमी तयार होतात. गाऊटमध्ये सांध्यात रुतलेल्या युरिक ॲसिडच्या स्फटिकांभोवती हीच दाहाची आग भडकते. धमनीच्या भिंतीतल्या कोलेस्टेरॉलच्या स्फटिकांभोवतीही तशीच प्रक्रिया चालते. गाऊटची गोळी हृदयाला उपयोगी पडेल ही कल्पना या साम्यातून आली.

कल्पना पुराव्यापर्यंत नेण्याचे काम आधी ऑस्ट्रेलियात झाले. २०१३ साली पर्थमधल्या ५३२ हृदयरोग्यांवरच्या छोट्या चाचणीत रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिनने हृदयविकाराचे प्रसंग ठळकपणे कमी झाले. २०१७ मध्ये कँटोस या दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीने दाखवले, की कोलेस्टेरॉलला अजिबात न शिवता केवळ दाह कमी केला तरी हृदय वाचते. त्यातले कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन महाग होते आणि त्याने जीवघेणे संसर्ग थोडे वाढले, म्हणून हृदयासाठी ते पुढे गेले नाही. तत्त्व मात्र सिद्ध झाले. मग स्वस्त कोल्चिसिनकडे सगळ्यांचे लक्ष वळले. २०१९ च्या कोलकॉट चाचणीत नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्या ४,७४५ रुग्णांपैकी कोल्चिसिन घेणाऱ्यांत ५.५ टक्के, तर न घेणाऱ्यांत ७.१ टक्के जणांना पुढचा गंभीर प्रसंग आला. २०२० च्या लोडोको-२ चाचणीत जुन्या, स्थिर हृदयरोगाच्या ५,५२२ रुग्णांत हेच प्रमाण ६.८ आणि ९.६ टक्के होते, म्हणजे धोका सुमारे ३१ टक्क्यांनी कमी. या आधारावर जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अर्ध्या मिलिग्रॅमच्या कोल्चिसिनला हृदयरोगासाठी मान्यता दिली. शतकानुशतके जुन्या औषधाला मिळालेला हा नवा जन्मच म्हणायचा.

पण एवढ्यावर थांबले तर चित्र एकतर्फी राहील. २०२४ साली क्लिअर-सिनर्जी ही कॅनडातून चालवलेली चाचणी प्रसिद्ध झाली. झटक्यानंतर लगेच कोल्चिसिन सुरू केलेल्या या ७,०६२ रुग्णांच्या चाचणीत दोन्ही गटांतले प्रमाण जवळजवळ सारखे निघाले, ९.१ आणि ९.३ टक्के. त्याच वर्षी पक्षाघाताच्या रुग्णांवरच्या दोन चाचण्यांतही निर्विवाद फायदा दिसला नाही. त्यांतली युरोपातली कॉन्व्हिन्स चाचणी तर पैसे संपल्याने ठरल्याआधी थांबवावी लागली. सगळ्या चाचण्या एकत्र मोजल्या तर फायद्याकडे कल राहतो, पण तो पहिल्या उत्साहात वाटला तेवढा मोठा राहत नाही. शिवाय लोडोको-२ मध्ये हृदयाव्यतिरिक्त इतर कारणांनी होणारे मृत्यू कोल्चिसिनच्या गटात काहीसे जास्त होते, आणि कोलकॉटमध्ये न्यूमोनिया ०.९ टक्के विरुद्ध ०.४ टक्के असा वाढलेला दिसला. हे आकडे छोटे आहेत, योगायोगाचेही असू शकतात. परंतु किडनीरुग्णाची प्रतिकारशक्ती आधीच खालावलेली असते आणि डायलिसिसवरच्या रुग्णांमध्ये हृदयाखालोखाल संसर्ग हे मृत्यूचे मोठे कारण आहे. त्यांच्या बाबतीत अशा छोट्या आकड्याकडेही काणाडोळा करून चालणार नाही.

आता मुख्य मुद्दा. या चाचण्यांत किडनीरुग्ण होते कुठे? लोडोको-२ मध्ये किडनीची गाळणक्षमता ५० च्या खाली किंवा क्रिएटिनिन सुमारे १.७ च्या वर असलेल्यांना घेतलेच नव्हते. कोलकॉटमध्ये क्रिएटिनिन सामान्य मर्यादेच्या दुपटीहून जास्त असलेले वगळले गेले. मुरुमच्या एखाद्या रुग्णाचा क्रिएटिनिन २.४ असेल, तर या दोनपैकी पहिल्या चाचणीत त्याला नक्कीच प्रवेश मिळाला नसता आणि दुसरीतही मिळालाच असता याची खात्री नाही. वगळणाऱ्यांचे कारण समजण्यासारखे आहे: कोल्चिसिन शरीराबाहेर पडते ते काही अंशी किडनीतून, आणि किडनी मंदावली की ते साचते. पण याचा अर्थ असा झाला, की ज्यांच्या रक्तवाहिन्यांत दाह सर्वाधिक त्यांच्याबद्दल आपल्याकडे सर्वांत कमी माहिती आहे. कँटोसमधल्या गाळणक्षमता ६० च्या खाली असलेल्या १,८७५ रुग्णांचे वेगळे विश्लेषण झाले तेव्हा हृदयाचे गंभीर प्रसंग १८ टक्क्यांनी घटलेले आणि किडनीला अपाय न झालेला दिसला. ही आशेची सर्वांत भक्कम खूण आहे. पण ती दुसऱ्या औषधाची आहे, आणि ते औषध किडनीवर अवलंबून नसलेल्या मार्गाने शरीराबाहेर जाते. दाह कमी करणे योग्य, असे त्यावरून म्हणता येते. कोल्चिसिननेच तो सुरक्षितपणे कमी होईल, असे म्हणता येत नाही.

धोका नेमका कसा घडतो, ते जवळून पाहू. क्रिएटिनिन वाढलेला एक रुग्ण हृदयासाठी रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन घेतो आहे असे समजा. त्याला खोकला-ताप येतो आणि जवळचे डॉक्टर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून देतात. एरवी यात वावगे काही नाही. पण कोल्चिसिन यकृतातल्या ज्या वाटेने निकामी होते ती वाट क्लॅरिथ्रोमायसिन अडवते, आणि किडनीची वाट आधीच अरुंद झालेली असते. औषध रक्तात साठत जाते. पहिल्यांदा जुलाब-उलट्या होतात. ते बाहेरचे खाणे बाधले म्हणून सोडून दिले जातात. मग स्नायू दुबळे पडतात, अस्थिमज्जा मंदावून पांढऱ्या पेशी घटतात, आणि संसर्गाला दार मोकळे होते. हाँगकाँगमधून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही दोन औषधे एकाच वेळी मिळालेल्या ८८ रुग्णांपैकी ९ दगावले, तर एकापाठोपाठ मिळालेल्या २८ पैकी १. आणि किडनी आधीच कमजोर असलेल्यांना धोका अधिक होता. रक्तदाबासाठीची डिल्टियाझेम व व्हेरापॅमिल, बुरशीवरची काही औषधे, किडनी-प्रत्यारोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन यांच्याबरोबरही असाच खेळ होतो. डायलिसिसने कोल्चिसिन रक्तातून काढून टाकता येत नाही, म्हणजे एकदा चूक झाली की ती मागे घेण्याची सोयही नाही. हृदयासाठी मान्यता मिळालेल्या अमेरिकी गोळीच्या माहितीपत्रकातच किडनी निकामी झालेल्यांना ती देऊ नये असे लिहिलेले आहे.

गाऊटचे दुसरे औषध, ॲलोप्युरिनॉल, याचा इतिहासही इथे धडा देतो. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आलेले हे औषध १९६६ पासून वापरात आहे. ते दाह नव्हे, तर युरिक ॲसिड कमी करते. २०१० साली स्पेनमधल्या ११३ किडनीरुग्णांच्या छोट्या अभ्यासात ॲलोप्युरिनॉलने हृदयाचे प्रसंग तब्बल ७१ टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि मोठ्या आशा पल्लवित झाल्या. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या तेव्हा काय निघाले? २०२० च्या सीकेडी-फिक्स चाचणीत ३६९ रुग्णांची किडनी ॲलोप्युरिनॉलने वाचली नाही. २०२२ च्या ऑल-हार्ट चाचणीत ब्रिटनमधल्या ५,७०० हून अधिक हृदयरोग्यांत ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्या आणि न घेणाऱ्यांत फरक पडला नाही, ११.० आणि ११.३ टक्के. युरिक ॲसिड कमी करणाऱ्या फेबुक्सोस्टॅट या दुसऱ्या औषधाच्या बाबतीत तर २०१८ च्या केअर्स चाचणीत ॲलोप्युरिनॉलपेक्षा हृदयविकाराचे मृत्यू जास्त दिसले. २०२० च्या फास्ट चाचणीने ती भीती बरीचशी दूर केली, पण हृदय वाचते असे काही सिद्ध झाले नाही. म्हणूनच २०२४ च्या आंतरराष्ट्रीय किडनी मार्गदर्शक सूचना सांगतात, की गाऊटचा त्रास नसताना केवळ युरिक ॲसिड वाढले म्हणून किडनी वाचवण्यासाठी ही औषधे देऊ नयेत. तपासणीत युरिक ॲसिड किंचित वाढले की गोळी सुरू करण्याची सवय आपल्याकडे रुजली आहे. ती या पुराव्यापुढे टिकत नाही.

यावर दोन टोकांचे आक्षेप येतात. पहिला असा: डोस इतका छोटा, फायदा इतका मोठा, मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली आजच का देऊ नये? याचे उत्तर वर आले आहे. देखरेख म्हणजे नियमित रक्ततपासणी, प्रत्येक नव्या औषधाची छाननी, आणि जुलाब लागले की गोळी बंद करून लगेच भेटण्याची सोय. महिन्यातून एकदा एसटीने सोलापूर गाठणाऱ्या रुग्णाला ती मिळत नाही. दुसरा आक्षेप उलट बाजूचा: एवढे विषारी औषध, ॲलोप्युरिनॉलचा अनुभवही वाईट, मग नाद सोडून द्यावा. हेही पटत नाही. ॲलोप्युरिनॉल फसले म्हणून कोल्चिसिन फसेल असे होत नाही, कारण दोघांचे काम वेगळे आहे. आणि दाह कमी केल्याने किडनीरुग्णाचे हृदय वाचते याचा संकेत कँटोसने दिला आहे. दाह कमी करणाऱ्या झिल्टिव्हेकिमॅब या इंजेक्शनची किडनीरुग्णांवर हजारोंच्या संख्येने चाचणी औषधकंपनीने हाती घेतली, ती या संकेतावर विश्वास ठेवूनच. ते इंजेक्शन यशस्वी ठरले तरी त्याची किंमत आपल्या रुग्णांना परवडणे कठीण. काही रुपयांच्या गोळीने कमी डोसात, सुरक्षित अंतराने तेच काम होते का, हे तपासणे म्हणूनच आपल्या अधिक गरजेचे आहे. रोज अर्ध्या मिलिग्रॅमऐवजी एक दिवसाआड, गाळणक्षमता ३० च्या वर असलेल्यांना आधी आणि डायलिसिसवरच्यांना सर्वांत शेवटी, धोकादायक औषधे घेणाऱ्यांना वगळून, अशी पायरीपायरीने रचलेली चाचणी करता येण्याजोगी आहे.

तिचा खर्च कोण करणार? जुन्या, पेटंट संपलेल्या गोळीतून कोणत्याही कंपनीला नफा नाही, आणि कंपनीच्या हाती सोपवले तर काय होते तेही जगाने पाहिले आहे. अमेरिकेत २००९ साली एका कंपनीने कोल्चिसिनच्या छोट्या चाचण्या करून हक्क मिळवले, आणि नऊ सेंटची गोळी ४ डॉलर ८५ सेंटला विकली जाऊ लागली. म्हणून हा खर्च सार्वजनिक पैशातून व्हायला हवा. भारताला हे अशक्य नाही. कोविडकाळात सीएसआयआरने हैदराबादच्या लक्साई कंपनीबरोबर कोल्चिसिनची चाचणी हाती घेतली होती. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीने ११ हजारांहून अधिक रुग्णांवर कोल्चिसिन कोविडमध्ये निरुपयोगी असल्याचे ठरवले, आणि त्याच चाचणीने डेक्सामेथासोन ही दुसरी जुनी, स्वस्त गोळी प्राण वाचवते हे सिद्ध केले. मोठी, साधी, सरकारी पैशाने चालणारी चाचणी खरे-खोटे दोन्ही लवकर ठरवते, हा तिचा मोठा गुण. महाराष्ट्रात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे जाळे आहे, आणि २०१६ पासूनच्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हास्तरावर डायलिसिसची सोय होत गेली आहे. सोलापूर, लातूर, धाराशिव, संभाजीनगर इथली रुग्णालये एकत्र आली तर रुग्णसंख्या कमी पडणार नाही.

गरीब रुग्णांवर प्रयोग करायचे का, हा प्रश्न इथे येतो आणि तो यायलाच हवा. या देशात औषधचाचण्यांचा इतिहास स्वच्छ नाही, आणि २०१९ चे चाचणीविषयक नियम त्यातूनच आले. पण चाचणीतून वगळणे म्हणजे संरक्षण, असे मानणे फसवे आहे. मुरुमच्या रुग्णाला कोणी चाचणीत घेतले नाही म्हणून त्याला धोका टळत नाही. गाऊटसाठी, गुडघेदुखीसाठी, कधी केवळ युरिक ॲसिडसाठी तो ही औषधे घेतोच आहे, फक्त कोणी हिशेब ठेवत नाही. चाचणीत निदान प्रत्येक डोसची नोंद होते. अट इतकीच, की संमतीपत्र त्याला समजेल अशा मराठीत असावे, अपाय झाला तर भरपाई आणि उपचार मिळावेत, आणि औषध उपयोगी ठरले तर चाचणी संपल्यावर ते त्याला मिळत राहावे.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: जिथे मूलभूत उपचारच पोचत नाहीत तिथे नव्या गोळीची चर्चा ही चैन नाही का? मला वाटते, क्रम पाळला तर नाही. सिद्ध झालेले उपाय आज हातात आहेत आणि ते वापरले जात नाहीत, ही खरी लाज आहे. मधुमेहासाठी आलेल्या डॅपाग्लिफ्लोझिनने २०२० च्या डापा-सीकेडी चाचणीत ४,३०४ किडनीरुग्णांत किडनी आणि हृदय दोन्हींना ठोस फायदा दाखवला. भारतात त्याचे पेटंट त्याच वर्षी संपले, अनेक कंपन्यांच्या गोळ्या आल्या आणि किंमत घसरली. लघवीतल्या अल्ब्युमिनची साधी तपासणी, रक्तदाब आटोक्यात, गरज असेल त्याला स्टॅटिन, तंबाखू बंद, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या बंद. उसाच्या फडात उन्हात राबून अंगातले पाणी आटलेल्या माणसाने वर डायक्लोफेनॅक घेतले, तर किडनीवर दुहेरी घाव बसतो. गाऊटचा जोराचा झटका आला तरी किडनीरुग्णाने काय घ्यावे ते डॉक्टरांनीच ठरवायचे. घरातली उरलेली कोल्चिसिन परस्पर घ्यायची नाही, आणि कळलावीच्या कंदाला तर हातही लावायचा नाही. हे सगळे उपाय मुरुमच्या ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर शक्य आहेत. ते पोचवणे हे आजचे काम, आणि कोल्चिसिनची चाचणी किडनीरुग्णांवर, सार्वजनिक पैशाने, त्यांच्या सुरक्षेची हमी घेऊन करणे हे त्याच्या बरोबरीने सुरू करायचे काम. डॅपाग्लिफ्लोझिन मधुमेहाच्या चौकटीतून बाहेर आले ते किडनीरुग्णांना चाचणीत जागा मिळाली म्हणूनच. कोल्चिसिनच्या बाबतीत तीच जागा मागण्याचा हक्क या रुग्णांना आहे, आणि त्या चाचणीचे उत्तर होय असो वा नाही, ते त्यांच्याच शरीरावर तपासून मिळालेले असले पाहिजे.